पुण्यातल्या हाडांच्या डॉक्टरांना, फिजिओथेरपिस्टना आणि फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र: कंबर तपासताय तर झोप, घर आणि भीतीचंही विचारा

सप्रेम नमस्कार,

मी धायरीला राहते, एका पतसंस्थेत काउंटरवर काम करते आणि कंबर-पाठ दुखणाऱ्या पुण्यातल्या असंख्य लोकांपैकी एक आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या वेटिंग रूममध्ये एमआरआयची ती मोठी पिशवी मांडीवर घेऊन बसून झालंय. आत गेल्यावर काय काय बोलायचं ते मनात जुळवून आलेलं असतं पण बाहेर एवढी गर्दी थांबलेली असते की ते तुम्हालाही दिसतं आणि आम्हालाही, त्यामुळे अर्धं बोलायचं राहूनच जातं, म्हणून हे पत्र. कुणा एका डॉक्टरची तक्रार करायला लिहीत नाहीये. तुम्ही फ्रॅक्चर जोडता, गुडघे बदलता, अपघात झालेल्या माणसाला परत पायावर उभं करता, त्याबद्दल मनापासून आदर आहे.

मागणी एकच आहे. दुखणं तीन महिन्यांच्या वर गेलं की तुमच्याच पुस्तकात त्याला क्रॉनिक म्हणतात. तिथून पुढे ते नुसतं हाड, स्नायू आणि नसेचं राहत नाही, त्यात झोप येते, भीती येते, घरातली माणसं येतात, नोकरी येते, पैसा येतो. तर या सगळ्याबद्दल आम्हाला विचारा. पहिल्याच भेटीत विचारा, गोळ्या लिहायच्या आधी, आणि विचारायच्या आधी 'तुमचं दुखणं खरं आहे' एवढं एक वाक्य बोला.

हे एवढं का लागतंय ते सांगते. मी चाळिशीत असताना एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये माझा एमआरआय लाइटबॉक्सवर लावून डॉक्टर म्हणाले, 'मणका साठ वर्षांच्या बाईचा झालाय तुमचा, एल फोर एल फाइव्हची गादी सरकलीये, आता जपून राहायचं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, खाली बसायचं नाही.' मिनिटभरात बोलून झालं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. ते वाक्य मी घरी घेऊन आले आणि कित्येक वर्षं तसंच्या तसं जगले. खाली पडलेलं पेन उचलायचं तर आधी डावा हात टेबलावर टेकवायचा, श्वास धरायचा, पाठ काठीसारखी ताठ ठेवून गुडघ्यात वाकायचं, आणि वर येईपर्यंत मनात एकच की आता सरकली गादी, आता सरकली. गौरी जेवायच्या दिवशी सगळ्या बायका पंगतीत खाली बसलेल्या आणि मी एकटी खुर्चीवर. वॉशिंग मशीनमधून कपडे काढायला नवऱ्याला हाक. कमरेचा पट्टा झोपतानाच काय तो सुटायचा. एवढं जपून दुखणं कमी व्हायला हवं होतं ना? वाढत गेलं. आधी कंबर होती, मग पाठ, मग मान, आणि मग जिना चढतानाही पाय लटपटायला लागले कारण वापरच संपला होता सगळ्या अंगाचा.

खूप नंतर वाचनात आलं की २०१५ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झालाय, काहीही दुखत नसलेल्या तीन हजारांवर माणसांच्या मणक्याच्या स्कॅनचा. त्यात चकतीची, म्हणजे मणक्यातल्या गादीची, झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत दिसली, चाळिशीत ६८ टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के. गादी बाहेर आलेली, म्हणजे ज्याला तुम्ही डिस्क बल्ज म्हणता, ती विशीतल्या ३० टक्के लोकांत आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांत. आणि यातल्या कुणाचीही कंबर दुखत नव्हती! म्हणजे माझा मणका चाळिशीतल्या बाईचा चाळिशीतलाच मणका होता, केस पांढरे होतात तसा तोही वयाप्रमाणे बदललेला. हे तुम्हाला माहीत नसणार असं मी म्हणणारच नाही, तुम्हाला माझ्यापेक्षा शंभरपट माहिती आहे, पण मग ते आम्हाला का सांगत नाही? रिपोर्टमध्ये 'डीजनरेटिव्ह', म्हणजे झीज झालेलं, असं लिहिलेलं असतं, आम्ही ते रिक्षात बसल्या बसल्या मोबाइलवर शोधतो, आणि घर येईपर्यंत व्हीलचेअरपर्यंत पोचलेलो असतो. 'मणक्यात गॅप आहे', 'वंगण संपलंय', 'हाडावर हाड घासतंय', 'नस दबलीये, कधीही पाय जाऊ शकतो'... ही वाक्यं तुम्ही दिवसातून कितीतरी वेळा बोलत असाल, पण आम्ही ती एकदाच ऐकतो आणि मग ती डोक्यातून जात नाहीत.

या भीतीवर शास्त्रातही भरपूर काम झालंय. दुखण्याची भीती, म्हणून हालचाल टाळणं, टाळल्यामुळे अंग आखडणं आणि अशक्त होणं, त्यामुळे अजून दुखणं आणि त्यामुळे अजून भीती, हे चक्र व्लायन आणि लिंटन या दोन संशोधकांनी २००० साली नीट मांडलं. न्यूझीलंडमध्ये तर १९९७ मध्येच कंबरदुखीच्या पेशंटमध्ये 'यलो फ्लॅग', म्हणजे मनाच्या आणि परिस्थितीच्या धोक्याच्या खुणा, शोधा असं मार्गदर्शन निघालं होतं. पेशंटला वाटतंय का की हालचाल केली तर इजा होईल, तो घरात बसून राहतोय का, मूड उतरलाय का, कामावर वाद आहेत का, घरचे फार जपतात की फार टोचतात, कारण दुखणं जुनं होणार की नाही हे बऱ्याचदा यावरून जास्त कळतं. फिजिओथेरपीच्या मुलामुलींना हे कॉलेजात शिकवतात, मी विचारलंय. मग क्लिनिकमध्ये आल्यावर ते कुठे जातं? मशीन लावलं, शेक दिला, करंट दिला, पंधरा मिनिटं झाली, उद्या या.

आता इथेच एक अडचण आहे आणि त्यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण पेशंट बिथरतात ते इथे. तुम्ही जेव्हा कधी मनाचा विषय काढता तेव्हा तो सगळे रिपोर्ट नॉर्मल आल्यावर, शेवटी, वैतागून काढता. 'काही नाहीये हो तुम्हाला, टेन्शन घेऊ नका.' आम्हाला ऐकू येतं की हिला काही झालेलं नाही, ही नाटक करतेय. बरोबर आलेल्या नवऱ्याला किंवा सासूलाही तेच ऐकू येतं आणि ते घरी जाऊन चारचौघांत सांगतात. त्यात पुण्यात अजून एक भानगड आहे, मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढलं की आपल्याकडे पहिला शब्द येतो 'येरवडा'. माझ्या मैत्रिणीच्या आईला एका डॉक्टरांनी चांगल्या मनाने सायकॉलॉजिस्टची चिठ्ठी दिली तर त्या माउलीने चिठ्ठी पर्समध्ये घडी घालून ठेवली आणि त्या डॉक्टरांकडे परत पाऊल टाकलं नाही.

खरं तर आंतरराष्ट्रीय वेदना संघटनेची जी व्याख्या आहे, २०२० मध्ये सुधारलेली, तिच्यात वेदना हा शरीराचा आणि भावनेचा, दोन्हींचा मिळून अनुभव आहे असं सरळ म्हटलंय. सगळ्याच वेदनेत, माझ्याही आणि फ्रॅक्चरवाल्याच्याही. त्याच्याच टिपेत असंही आहे की माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या म्हणण्याचा मान राखावा. मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलं होतं की अंगाकडून येणारा संदेश मेंदूपर्यंत जसाच्या तसा जात नाही, वाटेत पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतच तो कमी-जास्त होतो आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही त्याला कमी-जास्त करतात. जॉर्ज एंगल या अमेरिकन डॉक्टरने १९७७ मध्ये लिहिलं की आजाराकडे शरीर, मन आणि समाज असं तिन्ही बाजूंनी एकत्र बघा. म्हणजे हे काही कालपरवाचं फॅड नाहीये. माझ्या फिजिओने मला हे समजावलं ते असं की सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखाद्या गाडीचा सायरन असतो बघा, चोर यायची गरज नाही, बॉनेटवर मांजर बसली तरी बोंबलतो, सायरन खराच वाजतोय आणि झोपही सगळ्यांची खरीच मोडतेय पण गाडीला काही झालेलं नाही, जुन्या दुखण्यात मज्जासंस्था तशी होऊन बसते. हे ऐकून मी तिथेच रडले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी एकाच दमात मला म्हणालं होतं की तुझं दुखणं शंभर टक्के खरं आहे आणि तुझी कंबर मोडलेली नाही.

ती फिजिओ काही फार मोठ्या नावाची नव्हती. तिने पहिल्या भेटीत मला टेबलावर झोपवलंच नाही, समोर बसवून विचारलं, 'नक्की काय होईल असं वाटतं तुम्हाला वाकल्यावर?' मग झोप कशी आहे. मग घरी कोण कोण आहे. मग दुखणं सुरू झालं तेव्हा आयुष्यात काय चाललं होतं. त्या वर्षी माझे वडील गेले होते आणि पतसंस्थेत ऑडिटवरून रोज नुसती बोलणी बसत होती, हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं आणि मीही कधी जोडून बघितलं नव्हतं. आणि मग तिने मला खुर्चीत बसल्या बसल्या हात पायाच्या अंगठ्याकडे न्यायला लावले, थोडेसेच, दुसऱ्या दिवशी अजून थोडे. व्यायाम काही जगावेगळे नव्हते, तेच सगळे जे मला आधी झेरॉक्स कागदावर मिळाले होते, पण तेव्हा मी ते दात आवळून करायचे आणि दोन दिवसांत सोडून द्यायचे.

दिवाळीच्या फराळाचंही तिनेच सोडवलं. माझं कसं व्हायचं, एखाद्या सकाळी अंग हलकं वाटलं की त्या एका दिवसात चकल्या, करंज्या, घराची जळमटं, पडदे धुणं, सगळं उरकायचं कारण उद्या काय होईल सांगता येत नाही, आणि मग पुढचा आख्खा आठवडा अंथरुणात. तिने सांगितलं की चांगल्या दिवशी कमी करा आणि वाईट दिवशी थोडं तरी करा, दुखायला लागल्यावर थांबू नका, त्याच्या आधी घड्याळ लावून थांबा. वीस मिनिटं चकल्या, मग उठून फेरी, मग परत. आमच्या सासूबाईंना हे अजिबात पटलं नव्हतं, तेल तापलेलं असताना बाई फेऱ्या कसल्या मारतेय, पण त्या वर्षी भाऊबीजेला मी उभी होते.

झोपेबद्दल थोडं बोलते. एक रात्र नीट झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त टोचतं, हे कुठल्याही पेशंटला विचारा, आणि अभ्यासही तेच सांगतात, दुखण्याने झोप मोडते आणि मोडलेल्या झोपेने दुखणं वाढतं. तरी प्रिस्क्रिप्शनवर झोपेबद्दल एक ओळ नसते. उलट माझ्या एका मैत्रिणीला फायब्रोमायल्जिया, म्हणजे सगळं अंग दुखत राहण्याचा आजार, आहे, तिला डॉक्टरांनी अॅमिट्रिप्टिलिनची बारीक डोसची गोळी दिली, रात्री घ्या म्हणाले, कशासाठी ते सांगितलं नाही. तिने नेटवर बघितलं तर 'डिप्रेशनची गोळी', झालं, मला वेडी समजले म्हणून त्याच रात्री बंद. ही गोळी कमी डोसमध्ये दुखण्याचे संदेश मंद करायला आणि झोपेला मदत म्हणूनही देतात, एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तर तिचं सहा महिन्यांचं हाल वाचलं असतं.

आता घराचं. आमच्या सासूबाई आयुष्यभर सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहिल्या. दगडी पायऱ्या, खाली बसून सगळं काम, संडासही भारतीय, गुडघे दुखायचे पण बाई दिवसभर फिरती. वाडा बिल्डरकडे गेला, त्या आमच्याकडे चौथ्या मजल्यावर आल्या. इथे लिफ्ट आहे, कमोड आहे, गुडघ्याला सोयीचं असं सगळं आहे, आणि गुडघे दुप्पट दुखायला लागले. एक्स-रे काढला तर दोन वर्षांपूर्वीच्या एक्स-रेसारखाच! डॉक्टरांनी वाटी बदलायचा सल्ला दिला, तो कदाचित पुढे लागेलही, पण वाड्यातल्या बायका गेल्या, दारात बसून तासभर गप्पा मारायच्या त्या गेल्या, दिवसभर टीव्ही आणि गुडघा एवढंच उरलं, हे एक्स-रेत कुठून दिसणार? समोरच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंनी त्यांना भजनी मंडळात ओढून नेलं. गुडघे बरे झाले असं मी म्हणणार नाही, झालेले नाहीत, जिना उतरताना अजून कण्हतात. पण मंगळवार-शुक्रवार दुपारी चार वाजले की साडी बदलून तयार असतात आणि त्या दिवशी गोळी मागत नाहीत. पालखी पुण्यात मुक्कामाला येते तेव्हा बघा ना, साठी-सत्तरीच्या बायका डोक्यावर तुळस घेऊन चालत येतात आणि पुढे दिवे घाट चढून जातात, त्यांचे गुडघे काही नव्या कोऱ्या वाट्यांचे नसतात, रात्री पाय चेपून घेताना कळवळतातही, पण बरोबर दिंडी असते.

माझ्या नवऱ्याचं उलटं. तो फार मायेचा माणूस आहे, आणि त्याने डॉक्टरांचं 'जड उचलायचं नाही' इतकं मनावर घेतलं की कोथिंबिरीची जुडी असलेली पिशवीसुद्धा माझ्या हातातून काढून घ्यायचा. दर तासाला, दुखतंय का गं? मी माझ्याच स्वयंपाकघरात पाहुणी झाले होते. फिजिओने त्यालाही बोलावून घेतलं आणि सांगितलं, 'दुखतंय का हे विचारू नका, आज काय काय केलंस ते विचारा.' हे सांगायला तिला पाच मिनिटं लागली असतील. घरातल्या माणसांना एकदा तरी आत बोलावत जा, नुसती फाइल धरायला नको, त्यांनाही काहीतरी सांगायला. जपणाऱ्यांना कमी जपायला सांगा, आणि 'आमच्या वेळी आम्ही बाळंतपणं करून शेतात जायचो' म्हणणाऱ्यांना दुखणं खरं आहे हे तुमच्या तोंडून ऐकवा, आमच्या तोंडून ते कुणी ऐकत नाही. रोज मरे त्याला कोण रडे.

पण सगळं घरातल्या समजुतीने सुटत नाही, काही ठिकाणी प्रश्न सरळ पोटाचा असतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा उजवा खांदा धरला, हात वर जाईना, रात्री त्या कुशीवर होता येईना. दवाखान्यात गेल्या तर तीन आठवडे आराम लिहून दिला. मावशींची घरं किती, हे कुणी विचारलं नाही. खाडा झाला की पैसे कापणारी घरं आहेत, तीन आठवडे नाही गेलं तर दुसरी बाई लावणारी घरं आहेत, आणि मुलीची कॉलेजची फी भरायचीय. त्यांनी कागद घडी घालून बटव्यात ठेवला, वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून सुट्या आणल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फरशी पुसायला हजर. फडकं पिळताना चेहरा बघवत नव्हता. शेवटी आम्ही दोघी-तिघींनी मिळून सगळ्या घरांत लांब दांड्याचा मॉप आणायला लावला, पिळायचं फडकं बंद, वरच्या माळ्याचं काम बंद, आणि महिन्यात दोन दिवस भरपगारी सुट्टी सोसायटीच्या ग्रुपवर भांडून मंजूर करून घेतली. खांदा अजून दुखतो, पण आता हात डोक्यापर्यंत जातो आणि झोप लागते म्हणतात. यातलं काहीही औषध नव्हतं. पण 'लांब दांड्याचा मॉप वापरा, फडकं पिळू नका' एवढं लेटरहेडवर लिहून सहीशिक्क्यानिशी दिलं असतं ना, तर आम्हाला भांडावंही लागलं नसतं, डॉक्टरांच्या कागदाला पुण्यात अजून किंमत आहे.

आणि हे फक्त कष्टकरी बायकांचं आहे असंही नाही. माझा भाचा हिंजवडीला आयटीत, मान आखडते म्हणून महागातली खुर्ची घेतली, लॅपटॉपला स्टँड घेतला, उशी बदलली. टीम बदलली आणि रात्री अकराचे कॉल बंद झाले तेव्हा मान सुटली. एका मुलावरून नियम काढू नये हे खरं, पण अमेरिकेत बोइंगच्या तीन हजारांवर कामगारांचा अभ्यास १९९१ मध्ये आला होता, त्यात ज्यांना आपलं काम जवळजवळ कधीच आवडत नव्हतं त्यांनी पाठदुखीची तक्रार करायचं प्रमाण काम आवडणाऱ्यांच्या अडीचपट निघालं. विमानं बनवणारी, वजनं उचलणारी माणसं ती.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, नाहीतर कुणीतरी अर्धवट वाचून आजाराकडे दुर्लक्ष करेल. सगळंच दुखणं असं नसतं. ताप, वजन उतरणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, आधी कॅन्सर झालेला असणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, मांड्यांमधला भाग बधिर होणं, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं, यात वेळ घालवायचाच नाही, लगेच दाखवायचं. सकाळी उठल्यावर बोटं तासभर आखडलेली आणि सुजलेली राहत असतील तर संधिवाताची तपासणी हवीच, तिथे लवकर औषध सुरू झालं तर सांधे वाचतात. हे ओळखणं तुमचंच काम आहे आणि तुम्ही ते उत्तम करता. माझं म्हणणं त्याच्या पुढच्या लोकांबद्दल आहे, ज्यांना तुम्ही तपासून बघता आणि काही धोक्याचं सापडत नाही, आणि आपल्यात हेच लोक जास्त आहेत. आपल्याच जिल्ह्यात, भिगवणला, १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या टीमने घरोघरी जाऊन पाहणी केली होती, चार हजारांवर प्रौढांत साधारण १८ टक्के लोकांना हाडा-सांध्याचं दुखणं निघालं आणि त्यातला मोठा वाटा कुठल्याही मोठ्या नावाच्या आजारात न बसणाऱ्या दुखण्यांचा होता. जगाचा आकडा बघितला तर नुसत्या कंबरदुखीचे २०२० मध्ये ६१ कोटी ९० लाख लोक.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पेशंटला नीट समजावून सांगणं आहे, व्यायाम आहे, काही प्रकारची फिजिकल थेरपी आहे, कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपीसारखे, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारे, मानसोपचार आहेत, सूज-वेदना कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. आणि नेहमीच्या उपचारात देऊ नका म्हणून जी यादी आहे तिच्यात पट्टा आणि ट्रॅक्शन, म्हणजे कंबर ताणून धरणं, आहे. पट्टा आणि ट्रॅक्शन! आपल्या पुण्यात कुठल्याही पेशंटला विचारा पहिल्या आठवड्यात काय मिळालं म्हणून.

वेळ नसतो, हे तुमचं उत्तर मला माहीत आहे आणि ते खोटं नाही. ससूनच्या किंवा महापालिकेच्या कमला नेहरू हॉस्पिटलच्या ओपीडीची रांग मी बघितलेली आहे, तिथल्या डॉक्टरला तासभर बोला म्हणणं हा अन्याय होईल. पण इंग्लंडमध्ये कील विद्यापीठाने ९ प्रश्नांचा एक कागद बनवलाय, स्टार्ट बॅक नावाचा. माझ्यासारख्या अवस्थेतल्या माणसाने हालचाल करणं सुरक्षित नाही असं वाटतं का, हे कधी बरंच होणार नाही असं वाटतं का, मनात काळजीचे विचार फिरत राहतात का, पूर्वी आवडायच्या गोष्टी आता आवडतात का, असले साधे प्रश्न. पेशंट बाहेर बसल्या बसल्या भरतो, त्यावरून कुणाला नुसता धीर आणि व्यायाम पुरेल आणि कुणाला मानसोपचाराची जोड लागेल हे ठरतं. २०११ मध्ये त्याची मोठी चाचणी झाली, पेशंटना फायदा झाला आणि खर्चही कमी झाला. असा कागद सोप्या मराठीत वेटिंग रूममध्ये ठेवा, ज्यांना वाचता येत नाही त्यांना रिसेप्शनवरची मुलगी विचारेल. पेशंटला दुसऱ्या बिल्डिंगमधल्या सायकॉलॉजिस्टकडे पाठवण्यापेक्षा सायकॉलॉजिस्टलाच आठवड्यातून एक दिवस तुमच्याच क्लिनिकमध्ये, फिजिओच्या शेजारच्या खोलीत बसवा, आणि पहिल्याच दिवशी सांगा की जुन्या दुखण्याच्या प्रत्येक पेशंटला आम्ही यांना भेटवतो, म्हणजे येरवड्याचं भूत निघणारच नाही. खर्च परवडत नसेल त्यांना निदान टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर कागदावर लिहून द्या, सरकारी आहे, फुकट आहे. आणि महापालिकेच्या आरोग्य खात्यातलं कुणी हे वाचत असेल तर त्यांनाही विनंती, तुमच्या दवाखान्यांत डायबेटिसची तपासणी होते तसा जुन्या दुखण्याच्या लोकांचा एक गट आठवड्याला बसवा, गटात व्यायाम करणारी माणसं व्यायाम सोडत नाहीत, हे मी आमच्या भजनी मंडळावरून सांगते.

आमच्या सोसायटीचा हॉल बुधवारी दुपारी तीन ते पाच रिकामा असतो. कमिटीशी बोलून ठेवलंय, भाडं घेणार नाहीत, पंखे आहेत, तळमजला आहे, सतरंज्या आणि ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी खुर्च्या आम्ही मांडू. आसपासच्या सोसायट्यांतल्या, डीएसके रस्त्याच्या बाजूच्या आणि धायरी फाट्याच्या चाळीतल्या मिळून पंचवीस-तीस बायका आणि काही पुरुषही येतील, मावशी त्यांच्या चार मैत्रिणींना आणणार आहेत. आम्हाला एक फिजिओ हवाय किंवा हवीय आणि महिन्यातून एकदा एखादे डॉक्टर, जे आमचे एमआरआय बघून, तुमच्या वयाला हे असंच दिसतं, काळजी करू नका, वाका, एवढं आमच्या घरच्यांसमोर सांगतील. मानधन जमेल तेवढं वर्गणीतून देऊ. कुणी तयार असेल तर कुठल्याही बुधवारी तीन वाजता सरळ या.

आपली,
धायरीची एक पेशंट